गोणीच्या जागी

४ मार्च, मंगळवार

थर्माकोल आलं! ट्रक भरून. पांढरे लांबलचक ठोकळे, प्रत्येकावर नंबर, आणि प्रत्येक ठोकळा आधीच्यापेक्षा केसभर उंच — नालीचा उतार म्हणे कारखान्यातूनच कापून दिलाय. आपण फक्त नंबराप्रमाणे ओळीने मांडायचे, भोवती आणि खाली काँक्रीट ओतायचं, घट्ट झालं की थर्माकोल ओरबाडून काढायचं. उरते ती नाली. वर लोखंडी जाळी बसवली की झालं.

मिस्त्रीने एक ठोकळा एका हाताने उचलून डोक्यावर धरला. "बाई, हे काय शटरिंग आहे? हे टीव्हीच्या खोक्यातलं!" त्याने जन्मभर काँक्रीटच्या साच्यासाठी प्लायवूडच्या पेट्या ठोकल्या, आतून आडवे टेके लावले आणि काढताना शिव्या घातल्या. म्हणतो, "लाकूड शिव्या ऐकतं. याच्याशी काय बोलणार?" इंजिनियर पोरगा खुश होता. त्याला सगळे चष्मा म्हणतात, तोंडावरही. निम्म्या वेळात काम होणार म्हणाला. मी ठोकळ्यांवर ताडपत्री घातली, कडेला विटा ठेवल्या. वाऱ्याने उडतील इतके हलके.

दुधाची डेअरी होते आहे. फरशी रोज धुणार, ते सगळं पाणी या नालीतून बाहेर. पाणी साचलं तर आंबट वास, माशा, बोंबाबोंब. शटरिंगची सुपरवायझर मी, म्हणजे बोंब माझ्या नावाने.

घरी आले तर बारकी अभ्यास करत होती. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाली, तरी बारकीच. "जेवलीस?" "हो." "मग मीही जेवते." संपलं बोलणं. तिचा बाप होता तेव्हा या दोन खोल्यांत दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला सवड नसायची. ट्रकवरून आला की वाटेतली सगळी माणसं घेऊन घरात शिरायचा. बोलायचं खातं त्याच्याकडेच होतं. डिसेंबरात तो गेला — पेट्रोल पंपावर, स्टिअरिंगवर डोकं ठेवून — आणि खातं बंद पडलं.

५ मार्च, बुधवार

काही नाही. चर खणून झाला.

७ मार्च, शुक्रवार

नणंदेचा फोन. त्याची थोरली बहीण, ताई म्हणते मी त्यांना. एरवी आधी रडून घेतात, मग बोलतात. आज थेट मुद्द्यावर. "वहिनी, बारकीची परीक्षा संपली की तिला मी इकडे घेऊन येते. पुढचं शिक्षण इथेच करू दे. तू दिवसभर साइटवर, पोर एकटी भिंतींकडे बघत बसते."

म्हटलं, "तिला विचारा."

"मी तुला विचारतेय."

"तिला आवडेल तसं."

मग म्हणाल्या, "बरं."

काय वाटलं ते लिहावं म्हणून बसले. काहीच वाटत नाही. दाढ काढून आल्यावर गाल असतो ना, चावला तरी कळत नाही, तसं चाललंय डिसेंबरपासून. नाही — एक वाटलं. तिने जाऊ नये असं वाटलं. हे अगदी पक्कं. पण ते तोंडातून बाहेर कसं काढतात? इथे लिहिता येतंय, बोलता येत नाही. काय उपयोग त्याचा!

९ मार्च, रविवार

बारकी भांडी घासत होती, मी पुसत होते. विषय तिनेच काढला.

"आत्याचा फोन आला होता ना?"

"हो."

"मग?"

"मग काय. तुझं तू ठरव. मोठी झालीस आता."

तिने तीच ताटली पुन्हा घासली. नळ नुसता वाहत होता. "पण तुला काय वाटतं ते सांग ना, आई."

मी म्हटलं, "तिकडची कॉलेजं चांगली आहेत."

खरं सांगायचं तर मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. मला कधी कुणी काही विचारलं नाही. शाळा सोडायची का, लग्न करायचं का — लग्नाची तर तारीखही मला शेजारणीकडून कळली होती. तेव्हाच ठरवलं होतं, पोटी मुलगी आली तर तिचं तिला ठरवू द्यायचं. आणि आता बाप गेलेल्या पोरीच्या गळ्यात आईचं लोढणं कशाला? इतकं चांगलं कारण आहे माझ्याकडे! कुणाला सांगितलं तर माझी पाठ थोपटतील.

"ठरवलं," बारकी म्हणाली. "जाते."

"बरं."

मी ताटली फळीवर ठेवली आणि दुसरी घेतली.

११ मार्च, मंगळवार

ठोकळे मांडले. दोरी ताणून ओळ सरळ केली. दोन्ही बाजूंना सळ्या ठोकल्या, आडवे टेके दिले. काँक्रीटचा दाब आला की साचा बाजूला सरकतो, तो सरकू नये म्हणून. प्लायच्या पेटीला करतो तसंच सगळं. मिस्त्री ठोकळ्याला थोपटून म्हणाला, "राजा, गप पडून राहा बरं का." चष्मा म्हणाला, "मामा, ऐकतोय तो." सगळे हसले. मीही हसले असणार, कारण मिस्त्री ओरडला, "अरे, बाई हसल्या!" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दोरी बघायला गेले.

उतार तपासला. नळीत पाणी भरलं, एक टोक मिस्त्रीकडे, एक माझ्याकडे. बरोबर. रुंदी बरोबर. ओळ बरोबर.

काँक्रीटची तारीख मिळाली, सोमवार, १७. ताई शनिवारी येणार आणि सोमवारी दुपारच्या गाडीने दोघी जाणार. सकाळी काँक्रीट उरकलं की मी स्टँडवर पोचते. आरामात.

१३ मार्च, गुरुवार

परीक्षा संपली. "पेपर कसा गेला?" "बरा." माझ्यासारखी बोलायला लागली आहे. बापावर गेली होती ही पोर. शाळेतून आली की चपला काढायच्या आधी तिची गोष्ट सुरू व्हायची.

१५ मार्च, शनिवार

ताई आल्या. दारातच गळ्यात पडून रडल्या. मी त्यांची पाठ थोपटली आणि चहा टाकायला गेले. त्या मागोमाग आल्या, ओट्याला टेकल्या.

"वहिनी, तू एकदा तरी रडलीस का गं?"

"वेळ नाही मिळाला."

"त्याला वेळ काढावा लागतो का, बाई!"

चहा उतू गेला. मी ओटा पुसत राहिले. त्या हळूच म्हणाल्या, "हे बघ, अडवायचं असेल तर अडव हो तिला. मला राग येणार नाही. उलट..."

उलट काय ते बोलल्या नाहीत.

मी म्हटलं, "मी कशाला अडवू? तिच्या भल्याचंच आहे."

"कठीण आहेस," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. लोक म्हणतातच. नवरा गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही, दगड आहे, पंधरवड्यात कामावर गेली. जाऊ नको तर काय करू? साइटवर निदान कुणी विचारत नाही, कसं वाटतंय. तिथे विचारतात, लेव्हल किती.

बारकीने बॅग भरली. त्याचा थर्मास घेतला, ट्रकवर न्यायचा तो, पोचे पडलेला. बॅगेत ठेवताना माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "झाकण सैल आहे, सांडेल." तो थर्मास मला हवा होता.

१७ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहिते. क्रमाने.

सकाळी निघताना बारकी जागी होती, चादरीतून बघत होती. "स्टँडवर येशील ना?" म्हटलं, "येते की."

मिक्सरच्या गाड्या उशिरा आल्या. काँक्रीटच्या पंपवाल्याने घाई केली, एकदम दोन्ही बाजूंनी भरभरून ओतायला लागला. मीही थांबवलं नाही, मलाही उरकायचं होतं. निम्मं भरलं असेल-नसेल, तेवढ्यात लांबच्या टोकाकडून मिस्त्रीची आरोळी — "उठतंय! उठतंय!"

बघते तर ठोकळा वर यायला लागलेला. शांतपणे! पाण्यात चेंडू दाबून धरावा आणि हात काढून घ्यावा, तसा. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. अरे देवा! काँक्रीट जड, थर्माकोल हलकं. ते तरंगणारच. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. आणि आम्ही एवढे सगळे जाणते — मिस्त्री, चष्मा, मी — आम्ही तो बाजूला सरकू नये म्हणून जिवाचं रान केलं. वरून दाबून कुणीच बांधलं नाही. प्लायची पेटी आपल्या वजनाने आणि टेक्यांनी बसून राहायची. उठणारा साचा आम्ही कुणी जन्मात बघितला नव्हता.

मिस्त्रीने काही विचार केला नाही, सरळ ठोकळ्यावर उडी मारली. ठोकळा खाली बसला. मग सगळेच! दोन मजूर, काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटरवाला, चष्मा, मी. होत्या तेवढ्या सिमेंटच्या गोण्या मध्ये मध्ये ठेवल्या. पुरल्या नाहीत. चहावाला किटली घेऊन आला तर मिस्त्री ओरडला, "ये ये, तू चांगला भरलेला आहेस, मधल्यावर उभा राहा!" आणि तो राहिला उभा, हातात किटली धरून. तिथूनच चहा वाटला. पेले हातोहात पुढे आले. पंपवाला फोटो काढत होता, मेला! आम्ही ओळीने उभे, खाली गार ओलं काँक्रीट, कुणी हलायचं नाही. माल घट्ट होईपर्यंत. मिस्त्री म्हणाला, "जन्मभर शटरिंग केलं, आज पहिल्यांदा स्वतः शटरिंग झालो."

मी हसले. हे मात्र मला आठवतंय.

फोन वाजला. बारकी. "आई, आम्ही स्टँडवर आलोय. तू निघालीस ना?"

"अडकलेय गं. उभी आहे."

"कुठे उभी आहेस?"

"ठोकळ्यावर."

मला सगळं सांगता आलं असतं. चहावाला, किटली, सगळं. बापाने सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. मी म्हटलं, "बघते, जमलं तर येते."

चष्म्याने ऐकलं होतं. त्याने कुठून तरी रिक्षात वाळूच्या गोण्या मागवल्या. गोण्या आल्या, एकेक ठेवून एकेक माणूस उतरवायला लागले. पहिली गोणी तो माझ्याकडे घेऊन आला. धापा टाकत होता. "मॅडम, तुमच्या जागी ही ठेवतो. तुम्ही पळा. गाडी मिळेल अजून."

मी म्हटलं, "नको. मी आहे. आधी चहावाल्याला सोडव."

"मॅडम, पण मुलगी..."

"नको म्हटलं ना."

ओरडले मी त्याच्यावर. मिस्त्रीने मान वळवून बघितलं आणि परत समोर बघायला लागला.

का नाही उतरले? हेच लिहायला बसले आहे. स्टँडवर गेले असते तर ती समोर आली असती. "येते" म्हणाली असती आणि मला काहीतरी बोलावं लागलं असतं. ते बोलण्यापेक्षा काँक्रीटवर उभं राहणं सोपं वाटलं. बरं वाटलं! गोणी करते ते काम करायला, हलायचं नाही एवढंच काम, ते करायला मी पोरीला सोडलं.

परत फोन. "आई, गाडी लागली."

"नीट जा. खिडकीतून हात बाहेर काढू नको."

"अजून काही सांगायचंय?"

"पोचलीस की फोन कर."

तिने फोन ठेवला. मी उभी राहिले. शेवटी सगळेच उतरले, मीच राहिले. मिस्त्री जवळ येऊन बोटाने काँक्रीट दाबून म्हणाला, "बाई, झालं आता. उतरा. केव्हाचं घट्ट झालंय."

१८ मार्च, मंगळवार

ताईंचा मेसेज — पोचलो. बारकीचा फोन नाही.

२० मार्च, गुरुवार

थर्माकोल काढायला घेतलं. अख्खं निघतच नाही. आकड्याने ओढायचं, खरवडायचं, चुरा होतो. पांढरे दाणे सगळीकडे. केसांत, कानांत, चहात, मिस्त्रीच्या मिशीत. झटकावं तर हाताला चिकटतात, तो हात झटकावा तर दुसऱ्या हाताला. व्हायब्रेटरवाला म्हणाला, "बाई एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या." माझे केस बघून.

घरी आल्यावरही कपड्यांतून निघत होते. तिच्या गादीवर बसले होते, उठले तर तिच्या उशीवर दाणे. एकेक वेचले. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला.

२३ मार्च, रविवार

फोन केला. मीच.

"जेवलीस?"

"हो."

"करमतंय का?"

"हो."

"आत्या काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत. तू?"

"मी काय. बरी."

मग दोघी फोन धरून बसलो. तिच्याकडे पंखा करकरत होता, तो ऐकत होते. म्हणायचं होतं — ये परत. तोंड उघडलंसुद्धा. म्हटलं, "पंख्याला तेल घालायला सांग."

२५ मार्च, मंगळवार

नालीत पाणी सोडून बघितलं. वरच्या टोकाला टँकरचा पाइप लावला, आम्ही सगळे कडेने बघत उभे. आलं आलं — आणि मधेच थांबलं. जिथे ठोकळा पहिला उठला होता, तिथे तळ अंगठाभर वर राहिलाय. त्याच्या मागे सगळं साचलं. दाण्यांचा पांढरा तवंग त्यावर.

मग चूक कुणाची यावरून भांडण. पण उलटंच! मिस्त्री म्हणतो माझी, चष्मा म्हणतो ठोकळ्यांबरोबर माहितीचा कागद आला होता, तो आपण नीट वाचला नाही. मी म्हटलं, "तपासणी माझी होती. माझी चूक. संपलं." मिस्त्री चिडला. "तुम्ही कशाला प्रत्येक वेळी संपलं म्हणता हो? माणसाला बोलू तरी द्या!"

मलाही राग आला. चक्क राग! कान तापले. डिसेंबरपासून पहिल्यांदा काहीतरी तापलं. मी छिन्नी-हातोडा घेतला आणि नालीत उतरून तळ फोडायला बसले. कुणी अडवलं नाही. हाताला फोड आले. दुखतायत आता, लिहिताना.

२६ मार्च, बुधवार

फोडलं, परत भरलं, उतार काढला. पाणी वाहिलं. जाळ्या बसवायला घेतल्या. मिस्त्री म्हणाला, "काल जास्त बोललो." म्हटलं, "बरं केलंत."

२८ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत ताईंचा फोन. "तुला सांगायचं नाही म्हणून पोरीने शपथ घातली आहे, पण मला राहवत नाही. वहिनी, न्यायचं माझ्या डोक्यात नव्हतंच गं. तिनेच मला फोन करून बोलावलं. म्हणाली, ‘आत्या, तू मला न्यायला ये. आई मला नको जाऊस म्हणते का, बघायचंय.’ गाडी सुटेपर्यंत फाटकाकडे बघत होती. अजून बॅग उघडली नाही तिने. रोज तेच दोन कपडे धुऊन घालते."

गाडीत बसून लिहितेय. मिस्त्रीला नुसतं "जाते" म्हटलं आणि निघाले, डबा तिथेच राहिला. भर गाडीत रडतेय, सगळे बघतायत, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आहे. काय बोलायचं त्याची उजळणी चालली आहे. नको जाऊस. नको जाऊस. नको जाऊस.